रानपाखरं (आण्णासाहेब गट)

तामलवाडीच्या आण्णासाहेबांना माजी होऊन बरीच वर्षं झाली होती. पंचायत समितीचे सभापती म्हणून त्यांनी एक काळ गाजवला होता. निदान जीपचा हॉर्न तरी गाजवला होता. पुढं मुदत संपली, नव्या निवडणुका काही लागेनात, आणि आण्णा ना धड पदावर ना धड पडलेले, असे मधल्या मधे लटकत राहिले. पडलेल्या माणसाला चिंतन तरी करता येतं. आण्णांना तेही नव्हतं. सकाळी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते ओसरीवर बसायचे आणि फोन वाजायची वाट बघायचे. बराच वेळ वाजला नाही की सिद्धारामला हाक मारायचे, "एक मिस्कॉल दे रं. बंदबिंद पडलाय का बघू."

सिद्धाराम त्यांच्या जीपचा ड्रायव्हर. फ्लेक्सचा मजकूर तोच जुळवायचा, सभेत पहिली टाळीही तोच वाजवायचा. तो मिस्कॉल द्यायचा. फोन चालू असल्याचं कळून आण्णा जास्तच उदास व्हायचे.

त्यांची सून निकिता तुळजापूरची, बीएस्सी झालेली. "पोरीला नोकरी करायची असंल तर आमची हरकत न्हाय," असं आण्णा सोयरीक ठरताना चारचौघांत म्हणाले होते. हरकत लग्नानंतर निघाली. नवरा कृष्णराज सोलापुरात ट्रॅक्टरच्या शोरूमला होता, तो सकाळी जायचा आणि दिवेलागणीला यायचा. दुपारची भांडी आवरली की निकिता माहेरून आणलेला लॅपटॉप उघडून ‘सप्तशिखर’ नावाचा ऑनलाइन खेळ खेळत बसायची. त्यात सात डोंगर होते, राक्षस होते, बाजारपेठ होती. प्रत्येक खेळाडूला तिथं एखादा धंदा शिकावा लागायचा. देशभरातले लोक एकाच वेळी त्यात शिरायचे आणि टोळ्या करून हिंडायचे. टोळीला तिथं गिल्ड म्हणायचे.

एका दुपारी आण्णा पाणी प्यायला आत आले, तर सुनेचा आवाज कानावर पडला. तो घरात कधी ऐकलेला आवाज नव्हता.

"सगळ्यांनी थांबा. मी म्हणेपर्यंत कुणी पुढं जायचं नाही. भोपाळवाले डावीकडं. हुबळी, तू मागं राहा."

आण्णा दारातच थबकले. पडद्यावर रंगीबेरंगी माणसांचा जथा खरोखरच थांबला होता.

"कोण हायत गं ही माणसं?"

निकितानं दचकून कानातलं काढलं. "आमचं गिल्ड आहे, मामा. रानपाखरं नाव त्याचं."

"किती असतील?"

"शंभराच्या वर."

"आन् समदी तुझं ऐकतात?"

"हो. त्यांनीच निवडून दिलंय मला."

आण्णांच्या हातातला तांब्या हातातच राहिला. ज्याच्या घरात शंभर माणसांचं बहुमत धूळ खात पडलंय, त्या माणसानं ओसरीवर बसून मिस्कॉल मागावा? ते खाली बसले आणि म्हणाले, "मलाबी घे ह्याच्यात."

निकितानं आढेवेढे घेऊन पाहिलं. खेळ लहान मुलांचा आहे म्हणाली, डोळे दुखतात म्हणाली. पण सासऱ्याला नाही म्हणायचं बटण तिच्याकडं नव्हतं.

खेळातलं नाव काय ठेवायचं, इथं पहिला घोळ झाला. आण्णांना ‘मा. सभापती आण्णासाहेब’ हवं होतं. खेळात एवढी अक्षरं बसेनात. ‘मा.’ गळाला तर ते चिडले, ‘सभापती’ गळालं तर खचले. नुसतं ‘आण्णासाहेब’ उरलं. मग धंदा निवडायचा होता: लोहार, शिंपी, वैद्य, कोळी, जवाहिऱ्या. आण्णांनी क्षणभरही विचार केला नाही.

"जवाहिऱ्या. सोन्यानाण्याला मान असतो."

जवाहिरी शिकवायला खेळातल्या पेठेत एक बुटका, दाढीवाला उस्ताद भट्टीपाशी बसलेला असायचा. खेळ हिंदीत लावला होता. आण्णा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले, तर तो म्हणाला, "शागिर्द, पहले पहाड़ से ताँबा लाओ."

"शागीर्द कुणाला म्हणतोय ह्यो?"

"नवीन माणसाला तसंच म्हणतो तो, मामा."

"ह्याला सांग म्या कोण हाय."

"तो माणूस नाही. प्रोग्राम आहे."

"मंग ह्याच्या वरचा कोण हाय त्याला फोन लाव."

वरचा कोणीच नव्हता. आण्णांना आयुष्यात प्रथमच असा माणूस भेटला होता, ज्याला ना बदलीची भीती घालता येत होती ना आंब्याची पेटी पाठवता येत होती. नाइलाजानं कुदळ घेऊन ते डोंगरावर गेले. तिथं त्यांना लांडग्यानं खाल्लं. पुन्हा गेले, पुन्हा खाल्लं. तिसऱ्या खेपेला त्यांनी लांडग्याला समजावून पाहिलं असावं, कारण ते बराच वेळ हलले नाहीत. लांडगा मात्र हलला.

"संरक्षण न्हाय का काय हितं?" आण्णांनी लॅपटॉप मिटला. मग त्यांनी कार्यकर्त्यांची बैठक बोलावली.

दुसऱ्या दिवसापासून ओसरी भरली. सिद्धाराम आणि गावातली आणखी सात-आठ मोकळी माणसं भिंतीला टेकून, फोन चार्जिंगला लावून ओळीनं बसली. सगळ्यांनी खेळात नावं घातली, निकिताला सगळ्यांना गिल्डमध्ये घ्यावं लागलं, आणि सगळे मिळून आण्णांसाठी डोंगर खणायला लागले. तांबं खणलं, चांदी खणली, खडे गोळा केले. लांडग्यांनी कार्यकर्ते खाल्ले, पण कार्यकर्ते पुन्हा उठून जायचे. सवय होती. गोळा झालेला माल खेळातल्याच टपालानं आण्णांच्या खात्यावर जायचा. आण्णांनी फक्त ‘बनाओ’ असं लिहिलेलं बटण दाबायचं. ते दाबलं की अंगठी तयार.

कमलबाई, आण्णांच्या मंडळी, चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि ती रांग बघून म्हणाल्या, "एवढी माणसं खरोखर खणली असती तर एक हीर झाली असती."

कुणी हसलं नाही. सगळे कामात होते.

आठवडाभरात बटण दाबायचाही आण्णांना कंटाळा आला. त्यांनी खेळातलं आपलं खातं सिद्धारामच्या हवाली केलं. "तू बघ रं. म्या निस्ता ईचारत जाईन, कुठवर आलो म्हणून." पुढच्या पायऱ्यांवर काम अवघड होतं. खड्याला पैलू पाडताना त्याच्यावरून उजेडाची एक रेघ सरकायची, ती ठरावीक जागी आली की नेमकी छिन्नी मारायची. घाई केली की खडा फुटला. सिद्धारामनं आधी पुष्कळ फोडले, मग त्याला ती रेघ समजायला लागली. आण्णांचे खडे पाडता पाडता त्यानं स्वतःच्या नावावरचेही पाडले. त्याचा मूळचा स्वभाव काही गरीब नव्हता. तो हळूहळू स्वतःला ‘मास्टर’ म्हणवून घेऊ लागला आणि पान खाताना करंगळी वर धरायला लागला.

आण्णा खेळातल्या ‘कुशल’ नावाच्या पायरीवर पोचले त्या दिवशी महामार्गालगत फ्लेक्स लागला. हात जोडलेले आण्णा, मागं उगवता सूर्य, कोपऱ्यात अंगठी. ‘ज्वेलरी क्राफ्टिंग क्षेत्रात कुशल पदी निवड झाल्याबद्दल आण्णासाहेबांचे हार्दिक अभिनंदन.’

निकितानं तो तुळजापूरहून येताना बसमधून पाहिला. घरी आल्या आल्या ती म्हणाली, "मामा, कुशल ही नुसती पायरी आहे. पद नाही. त्याची निवड होत नसते."

"झाली म्हणायची, पोरी. चार दिस म्हणत ऱ्हायलं की होतीच."

आणि झालीच. फ्लेक्सवर खेळाचं नाव नव्हतं, तेव्हा आण्णांनी दागिन्यांचा मोठा कारखाना काढला, असं लोकांना वाटलं. फोन वाजू लागला. तुळजापुरातल्या एका मंडळानं त्यांना सत्काराला बोलावलं. तिथं आण्णा ‘कलेतील संयम’ या विषयावर बोलले. "दागिना घडवायला तप लागतं," ते म्हणाले, "भट्टीसमोर सोताला जाळून घ्यावं लागतं." पहिली टाळी सिद्धारामनं वाजवली. त्याचे दोन्ही अंगठे खणून खणून सुजले होते, त्यामुळं टाळीचा आवाज जरा बसका आला.

या सगळ्यातून रुद्रम्मा उगवल्या. त्या गावातल्या महिला बचत गटाच्या अध्यक्ष. पापड, शेवया, उदबत्त्या सगळं करून झालं होतं आणि सगळं पडून होतं. त्या बायका घेऊन ओसरीवर आल्या आणि म्हणाल्या, "आण्णा, आमालाबी दागिनं घडवायला शिकवा."

पुढाऱ्याच्या तोंडात नकाराला जागाच नसते. आण्णा म्हणाले, "शिकवू की. त्यात काय." पुढच्या सोमवारी समाजमंदिरात शिबिर ठरलं.

सोमवारी सकाळी समाजमंदिर बायकांनी भरलं. काहींनी सोबत पक्कड, सांडशी असलं काय काय आणलं होतं. शाळेतून मागून आणलेला प्रोजेक्टर सिद्धारामनं भिंतीवर लावला, आण्णा लॅपटॉपपुढं बसले, आणि भिंतीवर डोंगर, भट्टी आणि बुटका उस्ताद उमटला. निकिता मागच्या बाजूला बायकांत बसली होती. काही अडलं तर असावी म्हणून तिला आणलं होतं.

एक अंगठी भिंतीवर तयार झाली. रुद्रम्मांनी हात वर केला.

"आण्णा, ही भाईर कशी काढायची?"

"भाईर न्हाय निघत. ऑनलाइन हाय."

"मंग बोटात कशी घालायची?"

"आपल्या बोटात न्हाय. त्यो आतला माणूस असतो, त्यानं घालायची."

"मंजी आमी राबून घडवायचं, न् अंगावर मिरवायचं दुसऱ्यानं?"

"तसंच समजा."

"मंग ह्यात शिकवायचं काय हाय? ह्ये तर आमी जल्मल्यापस्नं करतोय."

समाजमंदिर हसलं. ओळीत बसलेले कार्यकर्तेही हसले, मग आण्णांकडं बघून खोकले. आण्णांचा चेहरा लाल झाला. काहीतरी भारी करून दाखवल्याशिवाय इज्जत राहत नाही, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी सगळ्यात मोठं माणिक भट्टीवर ठेवलं. ते माणिक मिळवायला कार्यकर्ते कितीतरी दुपारी सातव्या डोंगरावर मरत होते. उजेडाची रेघ सरकू लागली. आण्णांनी रेघेची वाट बघितली नाही. ते कशाचीच वाट बघत नसत. भिंतीवर माणकाच्या ठिकऱ्या उडाल्या.

"आरं देवा, माझं माणिक!" सिद्धाराम ओरडला.

‘माझं’ हा शब्द समाजमंदिरात सगळ्यांनी ऐकला. आण्णांनीही. पण सिद्धाराम भानावर नव्हता. त्यानं आण्णांच्या हातातला माऊस काढून घेतला, दुसरं माणिक ठेवलं, श्वास रोखला आणि टकटकटक असे पैलू पाडले, की भिंतीवर लाल उजेड पसरला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. खेळातल्या पेठेत हजर असलेल्या गिल्डच्या लोकांनीही वाहवा केली. निकिताच्या तोंडून नकळत गेलं, "छान पाडलंस रे सिद्धाराम."

त्या दिवसापासून आण्णा सिद्धारामला ‘मास्टर’ म्हणू लागले. ज्या स्वरात म्हणायचे, त्या स्वरात गावात शिव्या देतात.

गिल्डमध्ये ‘मुख्य जवाहिऱ्या’ असं एक पद होतं, आणि ते मतदानानं भरायचं होतं. खरं तर ते कामाचं पद होतं: नव्यांना शिकवायचं, लढाईला जाणाऱ्यांना अंगठ्या पुरवायच्या. आण्णांना त्यातला ‘मुख्य’ तेवढा ऐकू आला. त्यांनी अर्ज भरला. भोपाळ-हुबळीच्या लोकांनी सिद्धारामचं नाव सुचवलं.

"तू उभारलास व्हय माझ्या इरोधात?" आण्णांनी जीपमध्ये विचारलं.

"म्या न्हाय उभारलो आण्णा. लोकांनी उभा केला."

हे वाक्य आण्णांनी स्वतः प्रत्येक निवडणुकीत वापरलं होतं.

प्रचार जोरात झाला. आण्णांनी गिल्डच्या गप्पांच्या खिडकीत ‘बंधू आणि भगिनींनो’ अशी सुरुवात करून एवढी लांब भाषणं टाकली, की डोंगरावर लढणाऱ्यांना राक्षस दिसेनासे झाले. प्रत्येक सभासदाला त्यांनी एकेक अंगठी भेट पाठवली. ती सिद्धारामनंच घडवलेली होती. केरळच्या एका माणसानं अंगठी परत पाठवून विचारलं, मला वाढदिवसाची भेट का, माझा वाढदिवस तर झाला.

निकाल लागला. आण्णांना एक मत पडलं.

"यंत्रात घोळ हाय," आण्णा म्हणाले. "निदान दोन तरी पायजे होती. एक माझं सोताचं आन् एक..." त्यांनी ओसरीवर नजर फिरवली. कार्यकर्ते छताकडं बघत होते.

"एक मत माझं हाय आण्णा," सिद्धाराम खाली मान घालून म्हणाला. "तुमालाच दिलं. सवयीनं. हात दुसरीकडं वळलाच न्हाय."

"मंग माझं मत कुठं गेलं?"

निकितानं तपासून पाहिलं. बटणं दाबायची आण्णांना सवय राहिली नव्हती, त्यामुळं चुकीचं बटण दाबून त्यांचं मत सिद्धारामला गेलं होतं. तिनं ते सांगितलं नाही. "दिसत नाही, मामा," एवढंच म्हणाली.

सिद्धाराम मुख्य जवाहिऱ्या झाला. आता बरे दिवस येतील, असं निकिताला वाटलं. पहिल्याच आठवड्यात त्यानं नियम काढला, की नवीन येणाऱ्या प्रत्येकानं आधी त्याच्यासाठी डोंगर खणायचा. दुसऱ्या आठवड्यात त्यानं पैलू पाडणं सोडलं आणि फोन आपल्या मेव्हण्याकडं दिला. मग नाक्यावर त्याचा फ्लेक्स लागला. सूर्य तोच होता, फक्त पुढं सिद्धाराम होता.

आण्णा गप्प बसणाऱ्यातले नव्हते. ते फुटले. अर्धे कार्यकर्ते घेऊन त्यांनी वेगळी चूल मांडली: ‘रानपाखरं (आण्णासाहेब गट)’. सिद्धारामनं लगोलग आपल्या बाजूला ‘मूळ’ लावलं. गिल्डचं चिन्ह निळी पाकोळी होतं, ती निकितानं स्वतः चितारलेली. ती खरी कुणाची, यावर दोन्ही गटांनी खेळाच्या कंपनीकडं तक्रारी पाठवल्या. कंपनीचं आपोआप जाणारं उत्तर आलं: खेळ बंद करून पुन्हा चालू करून पाहा. आण्णांनी ते कार्यकर्त्यांना वाचून दाखवलं आणि सांगितलं, "वरनं प्रतिसाद सकारात्मक हाय."

दोन्ही गटांना निकिता हवी होती. "घरची माणसं घरात पायजेत," आण्णा जेवताना ताटाकडं बघून म्हणायचे. "वैनी, पाया तुमीच घातला, तुमी मूळ गटातच पायजे," सिद्धाराम जीप धूत असताना म्हणायचा. जीप तो अजून आण्णांचीच चालवत होता. दोघं रोज एकत्र तुळजापूरला जायचे, एकत्र चहा प्यायचे आणि परत येऊन एकमेकांविरुद्ध निवेदनं टाकायचे. तिनं कृष्णराजला सांगून पाहिलं. "तू कशाला त्यांच्या नादाला लागतीस," तो म्हणाला, आणि कूस बदलून झोपला.

डोंगरावर आता कुणी लढत नव्हतं. केरळचा माणूस गेला, हुबळी गेली. भोपाळवाले एकदम निघून गेले. शेवटी नागपूरची एक नर्स राहिली होती. ती निकिताबरोबर पहिल्यापासून होती, हॉस्पिटलातली ड्यूटी संपली की यायची. तिनं जाताना लिहिलं, "निकिता, तुझ्या घरातलं भांडण आमच्या डोंगरावर कशाला आणलंस गं?"

निकितानं उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मी आणलं नाही, ते माझ्यामागून आलं, असं लिहून तिनं तेही पुसलं. मग गिल्डचं अध्यक्षपद सोडण्याचं बटण दाबलं. खेळानं विचारलं, नक्की? ती म्हणाली, नक्की.

ओसरीवर त्या बातमीनं मोठी खळबळ झाली. रिकाम्या पदासाठी दोन्ही गटांनी दावा केला. ज्या गिल्डमध्ये आता त्या ओसरीवरच्या माणसांशिवाय कुणीच उरलं नव्हतं, त्याचे दोन अध्यक्ष झाले, चार उपाध्यक्ष झाले, एक युवक आघाडी निघाली. अंगठी मात्र त्यानंतर कुणीच घडवली नाही. आण्णा पुन्हा माणसांत आले, वजन वाढलं, तब्येत सुधारली. फोन इतका वाजायला लागला, की कमलबाईंनी त्याचा आवाज बारीक करायला लावला.

निकिता बरेच दिवस दुपार नुसती झोपून काढत होती. कमलबाईंनी ते पाहिलं होतं.

एका दुपारी त्या धान्य निवडायचं ताट घेऊन सुनेच्या खोलीत आल्या, तर लॅपटॉप पुन्हा उघडा होता. पडद्यावर डोंगर नव्हता, भट्टी नव्हती. एक मोठं तळं होतं आणि काठावर गळ टाकून एक बाई बसली होती. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"ही कोण?" कमलबाईंनी विचारलं.

"मीच, आत्या. दुसऱ्या नावानं आलेय."

"आन् करतीस काय?"

"मासे धरते. तोच धंदा घेतलाय ह्या वेळी."

कमलबाई माळकरी. त्यांनी गळ्यातल्या माळेला हात लावला, दाराबाहेर पाहिलं. ओसरीवर आण्णा फोनवर कुणाला तरी पक्षनिष्ठा समजावून सांगत होते. कमलबाईंनी पायानं दार लोटलं, ताट मांडीवर घेतलं आणि सुनेच्या शेजारी बसल्या.

"धर," त्या म्हणाल्या. "लागला का एखादा?"

"अजून नाही."

"लागंल. हलू नगंस."